मॅकवर उघडते, विंडोजवर ‘करप्ट’ म्हणते: सगळीकडे चालणारी डिस्क इमेज कशी करावी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाच तपासता येईल.

तुमच्या गावच्या वाचनालयानं जुने हस्तलिखित अंक स्कॅन करून पीडीएफ केलेत, भाषणांच्या कॅसेटी एमपीथ्रीत आणल्यात, आणि वर्धापनदिनाच्या नाटकाचा साडेपाच जीबीचा एक व्हिडिओ आहे. सगळं मिळून अकरा जीबी. एक एचटीएमएलचं अनुक्रमणिकेचं पान आहे, त्यावरून अंक उघडतात. हे सगळं एका फाइलमध्ये बांधून सभासदांना द्यायचंय. तुम्ही मॅकच्या डिस्क युटिलिटीत डीएमजी, म्हणजे मॅकची स्वतःची डिस्क इमेज, केली, ती विंडोजवर उघडेना. मग कुणी सुचवलं म्हणून ‘डीव्हीडी/सीडी मास्टर’ हा पर्याय घेतला, आलेल्या सीडीआर फाइलचं एक्स्टेन्शन बदलून आयएसओ केलं. मॅकवर झकास चाललं. विंडोज म्हणतं, डिस्क इमेज करप्ट आहे. शाळेच्या लॅबमधलं उबंटू, म्हणजे तिथलं लिनक्स, तेही तिला हात लावत नाही. आणि तुम्ही विचारताय की फाइल कुठे बिघडली.

फाइल कुठेच बिघडलेली नाही. तिचा एकेक बाइट जागेवर आहे. विंडोजचा तो संदेशच दिशाभूल करणारा आहे; ‘मला आतली मांडणी वाचता येत नाही’ असं त्याला म्हणायचं असतं.

डिस्क इमेज म्हणजे एका अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी उतरवलेली नक्कल, एका फाइलमध्ये. त्या डिस्कवर कुठली फाइल सिस्टिम होती, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद कुठल्या पद्धतीनं केली होती, हे इमेजसोबत जसंच्या तसं येतं. मॅकनं फोल्डरवरून इमेज करताना आत स्वतःची पद्धत वापरली. तुमचा मॅक किती जुना आहे त्यावर ती एचएफएस प्लस असेल किंवा एपीएफएस. विंडोज यातलं काहीच मुळात वाचत नाही. तुम्ही एक्स्टेन्शन बदललंत, पण जेवणाच्या डब्याचं झाकण बदलून आतली भाजी बदलत नाही. खऱ्या आयएसओत आत ‘आयएसओ ९६६०’ नावाची मांडणी असावी लागते. विंडोज सोळाव्या सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या त्या क्रमांकाच्या कप्प्यावर, जाऊन तिची खूण शोधतं, ती मिळाली नाही की हात वर करतं. माझ्याकडे येणाऱ्या ‘आयएसओ बिघडली’ प्रकरणांतली निम्मी तरी नेमकी हीच असतात.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून टाकू.

पहिली म्हणजे तुम्हाला खरंच इमेज हवी आहे का? सभासद फक्त मोबाइलवर वाचणार असतील तर नको. अँड्रॉइड फोनवर आयएसओवर टॅप करून ती आपोआप उघडत नाही. तिथे साधा फोल्डर किंवा झिप बरी. इमेजचे फायदे वेगळे आहेत. ती केवळ वाचता येते, कुणाच्या हातून आतला अंक डिलीट होत नाही, काही एक्स्ट्रॅक्ट करावं लागत नाही, हवी तर डीव्हीडीवर बर्न करता येते आणि पूर्ण संग्रह अबाधित आहे का हे एका आकड्यावरून तपासता येतं. ग्रंथालयाच्या जतनासाठी मला हे फायदे महत्त्वाचे वाटतात, म्हणून पुढे इमेज करायचीच असं धरून लिहितेय.

दुसरी म्हणजे, ही इमेज बूट करायची आहे का, म्हणजे तिच्यावरून संगणक सुरू करायचाय का? नाही. तुम्हाला फक्त माहिती वाटायची आहे. हे मुद्दाम सांगते, कारण शोधताना तुम्हाला उबंटू किंवा विंडोज इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हबद्दलचे सल्लेच जास्त सापडतील. त्यातली बूट सेक्टरची भानगड तुमच्या कामाची नाही, तिकडे फिरकू नका. तसंच अख्ख्या हार्डडिस्कची इमेज घेणं हाही वेगळा विषय आहे. त्यात पार्टिशनचा तक्ताही येतो, आणि तशी कच्ची इमेज विंडोजवर डबल क्लिकनं उघडत नाही.

तिसरी म्हणजे समोरच्याचं मशीन किती जुनं आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आयएसओवर डबल क्लिक केलं की ती नव्या ड्राइव्हसारखी दिसते. मॅक आणि आजच्या लिनक्स डेस्कटॉपवरही तसंच. पण गावाकडे विंडोज ७ अजून जिवंत आहे. त्याला आयएसओ डिस्कवर बर्न करता येते, नुसती उघडता येत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. अशा दोन-चार सभासदांना सरळ डीव्हीडी द्या.

आता आतल्या मांडणीकडे येऊ, खरी गंमत तिथेच आहे.

आयएसओ ९६६० हे मानक १९८८ सालचं. त्याच्या आधीचा मसुदा ‘हाय सिएरा’ नावानं ओळखला जायचा, कारण तो ठरवणारी कंपन्यांची मंडळी १९८५ मध्ये ज्या हॉटेलात जमली त्याचं नाव ते होतं. (पुढे २०१७ साली ॲपलनं ज्या मॅकओएसबरोबर एपीएफएस आणली, तिचंही नाव हाय सिएराच. तुमची आजची डोकेदुखी आणि तिच्यावरचं औषध, दोघांचं नाव एक.) त्या काळी इंटेलचे प्रोसेसर आकडा एका टोकाकडून लिहायचे आणि मोटोरोलाचे दुसऱ्या. मानक करणाऱ्यांनी भांडण मिटवायला काय केलं, तर महत्त्वाचा प्रत्येक आकडा दोन्ही पद्धतींनी, दोनदा लिहायचा असं ठरवलं. आजही तुमच्या आयएसओत प्रत्येक फाइलचा आकार असा दोनदा लिहिलेला असतो. सगळ्यांना चालेल असं काहीतरी करायचं, हा विचार त्या मांडणीच्या हाडातच आहे.

पण सगळ्यांना चालायचं म्हणजे सगळ्यात गरीब पाहुण्याला परवडेल तेवढंच वाढायचं. पहिल्या पातळीच्या आयएसओत फाइलचं नाव आठ अक्षरं, मग टिंब, मग तीन अक्षरं. त्यात फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. फोल्डरच्या आत फोल्डर आठ पातळ्यांपर्यंत. देवनागरीचा तर प्रश्नच नाही. देवनागरी नाव आलं की ते अंडरस्कोरची मालगाडी होऊन बसतं.

म्हणून वरून जोडण्या आल्या. तुम्ही वाचनालयवाले, तुम्हाला हे पटकन कळेल. कपाट एक, पुस्तकं तीच, पण नोंदवह्या तीन. पहिली नोंदवही मूळ आयएसओची, त्रोटक नावांची. दुसरी ‘जोलिएट’, मायक्रोसॉफ्टनं विंडोज ९५ च्या काळात आणलेली. हिच्यात युनिकोड, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची, नावं चालतात, लांबी ६४ पर्यंत. तिसरी ‘रॉक रिज’, युनिक्स घराण्यासाठी, लिनक्स त्यातलंच. हिच्यात नाव २५५ बाइटपर्यंत, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी, आणि फाइल कुणाला वाचता येईल याची परवानगीही नोंदलेली. विंडोज जोलिएटची वही उघडतं, लिनक्स रॉक रिजची. मजकूर दोनदा-तीनदा साठवला जात नाही, त्यामुळे जागा जवळजवळ तेवढीच लागते. तुमच्या इमेजमध्ये या तिन्ही वह्या असल्या पाहिजेत. ‘सगळीकडे चालणारी आयएसओ’ म्हणतात ती हीच.

यावर एक चौथी वहीही ठेवता येते, मॅकची एचएफएस. मी ती मुद्दाम टाळते. ती असली की मॅक तीच उघडतो, म्हणजे तुम्ही मॅकवर जे तपासता ते विंडोजवाल्याला दिसतच नसतं. तुम्हाला सगळं ठीक वाटतं आणि तक्रारी पोस्टानं येतात. आजच्या मॅकला साधी आयएसओ उत्तम वाचता येते, तेव्हा तो लाड नको.

आता देवनागरी नावांचं. तुम्ही विचारलंय की फाइलची नावं मराठीत ठेवू का. माझं उत्तर थोडं नाराज करणारं आहे, पण कारणं ऐका.

जोलिएटची ६४ ची मर्यादा ऐकायला ऐसपैस वाटते. पण ती मर्यादा डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नाही, युनिकोडच्या खुणांची आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो. संगणकाच्या लेखी त्यात दहा खुणा आहेत, कारण प्रत्येक काना आणि प्रत्येक हलन्त वेगळा मोजला जातो. रॉक रिजमध्ये तर मोजणी बाइटांची. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीची एक खूण तीन बाइट खाते, म्हणजे २५५ बाइटांत जेमतेम ८५ खुणा. ‘वार्षिक स्नेहसंमेलन अध्यक्षीय भाषण पूर्वार्ध’ असं एक नाव घ्या आणि त्याला साल, अनुक्रम आणि वक्त्याचं नाव जोडा. मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. मग काही सॉफ्टवेअर नाव निमूटपणे कापतात. कापतानाही शब्दाचं भान नसतं, हलन्तावर तुटलेलं लंगडं जोडाक्षर शेवटी लटकत राहतं. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध दोन्ही एकाच जागी कापले गेले की दोन फाइलींचं नाव एकच होतं, आणि लिनक्सवरची साधनं ‘जोलिएट नाव सारखं आहे’ म्हणून थांबतात. थांबली तर उलट बरं. १०३ खुणांपर्यंत जाऊ देणारा एक पर्याय असतो, पण तो मानकाच्या बाहेरचा आहे. मी तो वापरत नाही.

लांबीचं निदान मोजता तरी येतं. दुसरी अडचण दिसतच नाही. ती खास मराठीची आहे आणि मी तिच्यात एकदा पुरती फसलेय.

आपल्याकडे ‘शेतकऱ्यांचा’, ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘किनाऱ्यावर’ या शब्दांत जो झुपकेदार अर्धा र येतो, तो संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. एक, ‘ऱ’ ही स्वतंत्र खूण आणि तिला हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त, आणि मग न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे. संगणकाला मात्र ती तीन वेगळी नावं. पहिले दोन प्रकार युनिकोड समतुल्य मानतं, तिसरा नाही. आणि जुनी एचएफएस प्लस काय करते, तर तुम्ही पहिल्या प्रकारे लिहिलेलं नाव साठवताना तोडून दुसऱ्या प्रकारात ठेवते. मॅकवर असताना हे कळत नाही, कारण तिथे शोधताना दोन्ही एकच धरले जातात.

मी एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम करत होते. फोल्डर मॅकवर, त्यातल्या एकाचं नाव ‘वऱ्हाड विभाग’. अनुक्रमणिकेच्या पानावर दुवे दिले, मॅकवर एकेक दाबून पाहिला, सगळे चालले. मग तो फोल्डर लिनक्सच्या मशिनवर उतरवला आणि तिथे इमेज केली. दोनशे डिस्क बर्न केल्या, वर लेबलं चिकटवली, कार्यक्रमात वाटून झाल्या. दुसऱ्या दिवशी अमरावतीहून फोन: ‘ताई, सगळे विभाग उघडतात, फक्त आमचाच उघडत नाही.’ मी डोळे फाडफाडून पानावरचं नाव आणि फोल्डरचं नाव पाहिलं, काडीचा फरक दिसेना. शेवटी दोन्ही नावांचे बाइट उलगडून पाहिले तेव्हा कळलं. पानावरचा ऱ एक खुणेचा होता, फोल्डरचा ऱ दोन खुणांचा. चूक माझीच. मी दुवे तपासले ते मूळ फोल्डरमध्ये. तयार झालेल्या इमेजमध्ये, दुसऱ्या मशिनवर तपासलेच नव्हते. वऱ्हाडकरांना नवीन डिस्क पोस्टानं पाठवल्या, पण ‘आम्हालाच का वगळलं’ हे मला पुढे बरेच दिवस ऐकावं लागलं.

त्या दिवसापासून माझी पद्धत ठरलेली आहे. फाइल आणि फोल्डरची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, आकडे आणि मधे आडवी रेघ, बस्स. शीर्षकं अनुक्रमणिकेच्या पानावर शुद्ध देवनागरीत, हवी तेवढी लांब. वाचकाला तेच पान दिसतं. फाइलचं नाव म्हणजे पत्त्यातला पिनकोड. तो मराठी नसला म्हणून पत्र मराठी राहत नाही असं नाही. मनाला थोडं लागतं, मलाही लागायचं. पण ज्या संग्रहाचे दुवे मेलेले आहेत त्याची नावं मराठीत असून काय उपयोग? त्या पानाच्या सुरुवातीला कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ असल्याचं तेवढं लिहा, नाहीतर काही ब्राउझरात तुमच्या सुंदर शीर्षकांची अगम्य चिन्हं होतील.

तरीही नावं देवनागरीतच हवी असतील, आणि काही संस्थांचा तो आग्रह योग्यही असतो, तर दोन पथ्यं पाळा. नाव पस्तीस-चाळीस खुणांच्या आत ठेवा. आणि इमेज करण्याआधी सगळी नावं युनिकोडच्या जोडलेल्या रूपात, ज्याला एनएफसी म्हणतात त्यात, आणून घ्या. लिनक्सवर कन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन हे एका फटक्यात करतं. अनुक्रमणिकेतले दुवे हातानं टाइप करू नका, फोल्डरमधल्या खऱ्या नावांवरून छोट्या स्क्रिप्टनं तयार करा. म्हणजे तिसऱ्या प्रकारच्या ‘ऱ’चीही भीती राहत नाही.

नावांचीच बाकीची पथ्यं भराभर सांगते. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोनी कंस आणि दोन्ही तिरप्या रेघा चालत नाहीत. ‘आता पुढे काय?’ या लेखाची फाइल त्याच नावानं ठेवलीत तर मॅक हसत घेईल, विंडोज अडेल. मॅकच्या फाइंडरमध्ये तारीख म्हणून तिरप्या रेघा दिल्यात तर तो आतून त्या जागी अपूर्णविराम ठेवतो. तीही खोडी विंडोजवर उघडी पडते. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा नको. ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘नल’ अशी काही नावं रोमनमध्ये विंडोजनं डॉसच्या जमान्यापासून राखून ठेवली आहेत. सहायक सामग्रीच्या फोल्डरला लोक हमखास त्यातलं पहिलं देतात. पानावर लहान अक्षरांत नाव आणि फाइलचं एक्स्टेन्शन कॅपिटल, असं असेल तर विंडोज आणि मॅक सांभाळून घेतात, लिनक्स घेत नाही. दुव्यांत तिरपी रेघ पुढे झुकणारीच हवी. विंडोजच्या सवयीची उलटी रेघ तुमच्या शाळेच्या लॅबमध्ये प्रत्येक दुवा मारेल.

इथवरचं थोडक्यात: एक्स्टेन्शन बदलू नका, आतली मांडणी आयएसओ, जोलिएट आणि रॉक रिज अशी तिहेरी करा, नावं साधी ठेवा. आता तुमच्या त्या साडेपाच जीबीच्या नाटकाचं बघू.

आयएसओ ९६६० मध्ये फाइलच्या आकारासाठी ३२ बिटांची जागा आहे, म्हणजे एक फाइल जास्तीत जास्त ४ जीबीच्या किंचित आत. तिसऱ्या पातळीत मोठी फाइल तुकड्यांत नोंदवायची सोय आहे, पण ती सगळीकडे सारखी वाचली जात नाही, म्हणून वाटायच्या इमेजमध्ये मी तिच्यावर विसंबत नाही. दुसरा रस्ता यूडीएफचा. ही डीव्हीडीसाठी वापरात आलेली मांडणी. तिला मोठ्या फाइलींचं वावडं नाही, देवनागरीची सव्वाशेच्या आसपास खुणांची नावंही ती घेते आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही ती वाचतात. आयएसओ आणि यूडीएफ एकाच इमेजमध्ये शेजारी ठेवता येतात, त्याला ब्रिज म्हणतात. डीव्हीडी व्हिडिओच्या तबकड्या तशाच असतात. केलंत तर यूडीएफची आवृत्ती १.०२ घ्या, जुनी आणि सगळ्यात जास्त ठिकाणी चालणारी.

पण तुमच्या जागी मी असते तर यूडीएफच्या आधी व्हिडिओकडेच पाहिलं असतं. गावच्या रंगमंचावरचं, एका कॅमेऱ्यानं टिपलेलं नाटक दीड-दोन जीबीत चांगलं बसतं. एच.२६४ या व्हिडिओ आटोपशीर करायच्या पद्धतीत पुन्हा एन्कोड करा, मूळ फाइल वाचनालयाच्या हार्डडिस्कवर जपून ठेवा. किंवा नाटकाच्या अंकांप्रमाणे दोन भाग करा. मध्यंतर असेलच की!

याहून मोठा खड्डा पुढे आहे आणि त्यात लोक धडाधड पडतात. तुमची इमेज स्वतःच अकरा जीबीची एक फाइल आहे. ती तुम्ही पेनड्राइव्हवर देणार. बाजारात मिळणारे बरेच पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेले येतात, आणि एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल ठेवताच येत नाही. ड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा, आणि कॉपी करायला गेलं की म्हणतो फाइल मोठी आहे. सभासद तुम्हालाच फोन करणार. उपाय दोन आहेत. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज, मॅक आणि ५.४ नंतरच्या कर्नलचं (म्हणजे गाभ्याचं) लिनक्स तो विनातक्रार वाचतं आणि लिहितं. एनटीएफएस ही विंडोजची स्वतःची पद्धत नको, मॅक त्यावर फक्त वाचतो. किंवा संग्रहाचे तीन खंड करा, अंक, ध्वनी आणि नाटक, आणि प्रत्येकाची इमेज ४ जीबीच्या आत ठेवा. मला तीन खंडच आवडतील. कमी वेगाच्या इंटरनेटवर अकरा जीबीची एक फाइल शेवटच्या टप्प्यात अडकली की माणूस पुन्हा वाटेला जात नाही. शिवाय ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर प्रत्येक खंड सहज बसतो.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. तुमच्याकडे मॅक आहे, तेव्हा नवीन काही घ्यायला नको. टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, एचडीआययूटिल नावाची आज्ञा असते आणि तिची मेकहायब्रिड ही उपआज्ञा. तिला आयएसओ आणि जोलिएट हे दोन पर्याय स्पष्ट द्या. काहीच पर्याय दिला नाही तर ती आपणहून एचएफएसही घालते, आणि ते का नको हे वर सांगितलंच. आयएसओ म्हटलं की रॉक रिज त्यात येतंच. यूडीएफ लागलं तर त्याचाही पर्याय आहे. डिस्क युटिलिटीच्या खिडकीत मात्र हे शोधू नका.

लिनक्सवर मी झोरिसो वापरते, तो जुन्या एमकेआयएसओएफएसची भाषाही समजतो. तिथे एक बारकावा आहे. रॉक रिजसाठी कॅपिटल आर आणि छोटा आर असे दोन पर्याय आहेत. कॅपिटल आर तुमच्या मशिनवरच्या परवानग्या जशाच्या तशा नोंदवतो. एखादी फाइल फक्त तुम्हालाच वाचता येत असेल तर लॅबमधल्या मुलांना तिच्यावर कुलूप दिसेल. छोटा आर सगळ्यांना वाचायची मुभा देतो. वाटायच्या इमेजला कायम छोटा. झोरिसोला यूडीएफ येत नाही, त्यासाठी जेनआयएसओइमेज घ्यावं लागतं. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये आयएसओ उघडायची सोय आहे, फोल्डरवरून तयार करायची नाही. तिथे बरेच जण इमगबर्न वापरतात, त्यात या सगळ्या मांडण्या टिकमार्क करून निवडता येतात.

इमेज करण्याआधी फोल्डरची झाडलोट करा. मॅक जागोजागी डीएस-स्टोअर नावाच्या लपलेल्या फाइली टाकतो, बाहेरच्या ड्राइव्हवर टिंब-अंडरस्कोरनं सुरू होणारी पिल्लंही सोडतो. मॅकवर त्या दिसत नाहीत, विंडोजवर दिसू शकतात, आणि सभासद विचारतात की या प्रत्येक अंकाच्या शेजारी चार केबीची न उघडणारी पीडीएफ कसली? काढून टाका.

मग तपासणी. इमेज मॅकवर उघडली यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, हे तुम्ही अनुभवलंच आहे. विंडोजचं एक मशीन आणि उबंटूचं एक, दोन्हींवर इमेज माउंट करा, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडा, आणि अनुक्रमणिकेतला प्रत्येक दुवा दाबा, अगदी प्रत्येक. शाळेतल्या दोन मुलांना कामाला लावा, अर्ध्या तासात उडवतील. विंडोजवर माउंट होत नसेल तर लगेच इमेजला दोष देऊ नका. ती फाइल कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये आहे का किंवा एनटीएफएस सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर आहे का ते पाहा. तिथून विंडोज कधी कधी माउंट करायला नकार देतं. डेस्कटॉपवर कॉपी करून पुन्हा उघडायचा प्रयत्न करायचा. एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर देणार असाल तर सोबतच्या कागदावर हे एक वाक्य छापाच.

त्याच कागदावर प्रत्येक खंडाचा शा-२५६ आकडाही द्या, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला, फाइल अबाधित आहे का हे सांगणारा आकडा. मॅकवर शासम, लिनक्सवर शा२५६सम आणि विंडोजवर सर्टयूटिल, तिन्ही आधीपासून मशिनवर असतात आणि तिन्हींतून तोच ६४ अक्षरांचा आकडा यायला हवा. सगळे सभासद तपासणार नाहीत, मान्य. पण पाच वर्षांनी ‘आमच्याकडची प्रत खराब आहे का’ असा फोन आला की तुम्हाला दोन मिनिटांत सांगता येईल.

राहिला शेवटचा छोटा प्रश्न, इमेज माउंट झाल्यावर दिसणाऱ्या नावाचा, म्हणजे व्हॉल्यूम लेबलचा. तिथे वाचनालयाचं पूर्ण नाव देऊ नका. मूळ आयएसओ ३२ अक्षरं घेते, पण जोलिएट १६ च, आणि विंडोजवर तेच दिसतं. रोमन कॅपिटलमध्ये छोटं नाव, अंडरस्कोर, खंडाचा आकडा, एवढं ठेवा. आणि केलेली डीएमजी आता टाकून द्या. मूळ फोल्डर तुमच्याकडे आहेच, आणि दोन वेगळ्या इमेज फिरू लागल्या की कुणाकडे कुठली आहे हे फोनवर विचारण्यात तुमचाच दिवस जाईल.